कम्युनिटी कॉलेज : फी कमी, पण वाट ठाऊक हवी

मंडळी, दर वर्षी मार्च-एप्रिल आला की आपल्या घराघरांत एकच विषय असतो : कुणाला कुठे प्रवेश मिळाला! मनासारखं पत्र आलं तर पेढे वाटले जातात. नाही आलं, तर हळू आवाजात एक नाव निघतं, कम्युनिटी कॉलेज. हळू आवाजात अशासाठी, की 'कुठेच जमलं नाही त्यांची सोय' अशी त्याची प्रतिमा आपल्यापैकी अनेकांच्या मनात पक्की बसली आहे. कॅलिफोर्नियापुरतं बोलायचं तर वस्तुस्थिती काय आहे, ते पाहू.

आधी खर्च. राज्यात ११६ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजं आहेत. रहिवाशांना एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर फी पडते आणि २०१२ पासून हा दर बदललेला नाही. वर्षाला ३० युनिट घेतले तर १,३८० डॉलर. कूपर्टिनोचं डी अँझा कॉलेज क्वार्टर पद्धतीने चालतं; तिथे युनिटला ३१ डॉलर, म्हणजे ४५ युनिटचे १,३९५. पुस्तकं, पार्किंग आणि किरकोळ शुल्क वेगळं. याउलट यूसीची वर्षाची फी सुमारे १५ हजार डॉलर आहे आणि डॉर्म, जेवणखाण धरलं की आकडा ४० हजारांच्या पुढे जातो. शिवाय २०१७ च्या एका कायद्यामुळे, पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना अनेक कम्युनिटी कॉलेजं पहिली दोन वर्षं ही फीसुद्धा माफ करतात.

प्रवेशाचं म्हणाल तर निबंध नाही, एसएटी नाही. हायस्कूल डिप्लोमा असला किंवा वय १८ पूर्ण असलं की दार उघडं. नर्सिंगसारख्या काही अभ्यासक्रमांना मात्र जागा मोजक्या असतात.

पुढची व्यवस्था आपल्याला परकी वाटू नये. महाराष्ट्रात दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. इथे साधारण ६० सेमिस्टर युनिट पूर्ण करून विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जातो. पदवीवर नाव विद्यापीठाचंच असतं. कॅल स्टेटच्या पदवीधरांपैकी सुमारे निम्म्यांनी आणि यूसीच्या पदवीधरांपैकी चारातल्या एकाहून अधिकांनी सुरुवात कम्युनिटी कॉलेजातच केलेली असते. तिथून यूसीत आलेले विद्यार्थी मागेही पडत नाहीत. त्यांतले बहुतेक पदवी घेऊनच बाहेर पडतात.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती तिथवर पोचण्यात. राज्याच्या लेखापरीक्षकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला अहवाल डोळे उघडणारा आहे. २०१७ ते २०१९ या काळात कम्युनिटी कॉलेजात आलेल्या आणि ट्रान्सफरचा इरादा असलेल्या विद्यार्थ्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष ट्रान्सफर झाले ते पाचातला एक! देशभरचं चित्रही फारसं वेगळं नाही. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी सहा वर्षांत चार वर्षांच्या कॉलेजात पोचतात आणि तेवढ्याच काळात पदवी हाती पडते ती शंभरातल्या सुमारे सोळांच्या.

या आकड्यांत नोकरी सांभाळून एक-दोन विषय घेणारे, घरसंसार असलेले असे पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यामुळे आपल्या मुलाची शक्यता नेमकी तेवढीच, असं नाही. पण पूर्णवेळ शिकणाऱ्यांनाही आडवं येणारं एक कारण आहे : वाट गुंतागुंतीची आहे. प्रत्येक यूसीची, त्यातही प्रत्येक विषयाची, आधी पूर्ण करायच्या कोर्सेसची यादी वेगळी असते. एका कॅम्पसला चालणारा कोर्स दुसऱ्याला चालेलच असं नाही. इंजिनीअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सला कॅल्क्युलस आणि फिजिक्सची साखळीच असते. पहिली कडी एका सेमिस्टरने हुकली की पुढचं सगळं लांबतं आणि दोन वर्षांची तीन होतात.

म्हणून पहिल्याच महिन्यात काही गोष्टी कराव्यात. 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो ते पाहावं आणि समुपदेशकाबरोबर बसून सर्व सेमिस्टर्सचा आराखडा करावा. 'टॅग' या योजनेत डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ यांपैकी एका यूसीत अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी मिळते. फॉलच्या प्रवेशासाठीचा अर्ज फक्त सप्टेंबरात भरता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. सगळे विषयही नाहीत. सांता बार्बराचं इंजिनीअरिंग वगळलेलं आहे. कॅल स्टेटसाठी २०१० च्या कायद्याने सुरू झालेली ट्रान्सफरची खास असोसिएट पदवी आहे. तिने कॅल स्टेटमध्ये जागेची हमी मिळते, मात्र हव्या त्याच कॅम्पसची नाही.

एच-४ व्हिसावरच्या मुलांच्या पालकांनी आणखी एक हिशेब मांडावा. ही मुलं नियमांत बसत असतील तर त्यांना रहिवाशाची फी लागू होऊ शकते, पण सरकारी फेडरल मदत मिळत नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. त्यानंतर एफ-१ वर जावं लागलं, तर परराज्याची, म्हणजे काही पटींनी जास्त फी भरावी लागते. अशा मुलांना एक वर्ष वाया जाणं फारच महागात पडतं.

आणि आता आपल्याबद्दल. जे मूल मान खाली घालून या कॉलेजात जातं, ते प्रश्न विचारत नाही. समुपदेशकाकडे जात नाही, मंडळाच्या गणपतीला यायचं टाळतं, आणि जी माहिती त्याला सर्वांत आधी हवी ती सर्वांत उशिरा मिळते. ही लाज त्याच्या मनात आपणच पेरतो. या वाटेने जाऊन पदवीधर झालेली मुलं आपल्या मंडळातही असतील. पुढच्या करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर स्टॅनफर्डवाल्यांच्या शेजारी त्यांनाही खुर्ची द्यावी. कॅल्क्युलस कुठल्या सेमिस्टरला घ्यायचं हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार?