कॅबरेचं कार्ड

कॅबरे हा शब्द आमच्या पिढीच्या घरात मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती. कॅबरे म्हणजे हेलन, पिसांचा टोप आणि खलनायकाच्या हातातला ग्लास. सिनेमात तो प्रसंग सुरू झाला की आमची मामी आम्हा मुलींना "चला गं, पाणी पिऊन येऊ" म्हणून बाहेर काढायची. (गाणं बाहेरही ऐकू यायचंच!) त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या लेकीने न्यू जर्सीहून फोनवर सांगितलं, "आई, इकडे आलीस की तुला मॅनहॅटनमध्ये एक कॅबरे दाखवते," तेव्हा शेजारी बसलेल्या ह्यांना मी नक्की काय सांगितलं ते इथे लिहीत नाही :)

तर मंडळी, खरा कॅबरे तसा नसतो. पॅरिसला १८८१ साली 'ल शा न्वार' म्हणजे 'काळं मांजर' नावाचं एक ठिकाण निघालं, तिथे कवी, चित्रकार, गाणारे जमायचे, पीत पीत एकमेकांना ऐकवायचे. तिथून ही पद्धत रुजली. लहानसा हॉल, टेबलं, मंद दिवे, गाणारी बाई तुमच्यापासून चार हातांवर, आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती तुमच्याशी बोलते. आपल्याकडे भावगीतांच्या कार्यक्रमात निवेदक असतो ना, तसंच. फक्त इथे गाणारीच निवेदन करते. मला तर हा प्रकार आपल्या घरगुती मैफलीच्या जवळचा वाटला.

कार्यक्रम होता जॅझच्या महान गायिकांना मानवंदनेचा. पाच गायिका, साथीला पियानो, उभा बास आणि ड्रम्स. बेसी स्मिथ, बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड, सारा व्हॉन, नीना सिमोन अशा पाच जणींची गाणी, सव्वा तासात. तिकिटाशिवाय माणशी दोन पेयं घ्यावीच लागतात असा तिथला नियम. मी दोन्ही वेळा लिंबू-सोडा घेतला आणि त्याची किंमत रुपयांत करून बघितली नाही. हा पेयांचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी काही जॅझची जाणकार नव्हे. आमच्या कानावर जॅझ आला तो सी. रामचंद्रांमुळे. १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट नावाच्या गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याने आपला वाद्यवृंद घेऊन साथ केली होती, आणि आपल्या चितळकरांच्या चालीवर सगळा महाराष्ट्र नाचला. त्याला जॅझ म्हणतात हे कुणाच्या गावी नव्हतं. लेकीने मात्र कार्यक्रमाआधी दोन महिने मला व्हॉट्सॲपवर रोज एक गाणं पाठवलं होतं, आणि मास्तरीण असल्यामुळे मी गाण्याबरोबर गाणारीचं चरित्रही वाचत गेले. सवय जात नाही!

कार्यक्रम वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्या पाचांपैकी एक जण, चाळिशीची असेल, तिने साराचं गाणं स्वतःच्या आवाजात म्हटलं. नक्कल नाही, उगाच आवाज घुमवणं नाही. ते फार आवडलं. बिलीचं गाणं जिने म्हटलं तिने मात्र केसांत पांढरं फूल माळलं होतं (बिली गार्डेनिया माळायची) आणि आवाज मुद्दाम चिरका, थकलेला केला होता. बिलीचा आवाज पल्ल्याने लहानच, जेमतेम सव्वा सप्तकाचा. तिची सगळी जादू लयीत. ठेका पुढे जातो आणि ही शब्द मागे रेंगाळत ठेवते, आता सुटला असं वाटेस्तोवर अलगद जागेवर आणून ठेवते. आपल्याकडे ठुमरी गाणाऱ्यांना हे चांगलं समजेल. चिरकेपणाची नक्कल कुणालाही जमते, ही लय नाही जमत.

पण माझी तक्रार गाण्याबद्दल नाहीच, निवेदनाबद्दल आहे. बिलीबद्दल त्या बाई काय बोलल्या? तिने फार सोसलं, पुरुषांनी फसवलं, व्यसनाने पोखरलं, आणि त्या दुःखाचं तिने सोनं केलं. लोकांनी हळहळून टाळ्या वाजवल्या. यातलं एकही वाक्य खोटं नाही. व्यसन होतंच, हेरॉइनचं. पण ज्या प्रकारच्या जागेत उभं राहून त्या हे सांगत होत्या, नेमक्या तशाच जागेत गायला बिली हॉलिडेला बारा वर्षं बंदी होती, हे त्यांनी सांगितलं नाही!

न्यूयॉर्क शहरात १९४० ते १९६७ या काळात 'कॅबरे कार्ड' म्हणून एक परवाना असायचा. जिथे दारू मिळते अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला तो पोलिसांकडून घ्यावा लागे, मग तुम्ही गायिका असा, पियानो वाजवणारे असा की वाढपी असा. बोटांचे ठसे द्यायचे, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचं. पोलिसांनी ठरवलं तर कार्ड देणार नाहीत किंवा काढून घेतील. १९४७ मध्ये बिलीला अमली पदार्थ बाळगल्याबद्दल एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या ऑल्डरसनच्या तुरुंगात ती होती, चांगल्या वर्तणुकीमुळे १९४८ च्या मार्चमध्ये सुटली. शिक्षा भोगून झाली. पण कार्ड गेलं ते गेलंच. सुटून आल्यावर थोड्याच दिवसांत, २७ मार्च १९४८ ला, तिने कार्नेगी हॉलमध्ये गायलं आणि हॉल तुडुंब भरला. कार्नेगी हॉलला चालतं, कारण तिथे टेबलांवर दारू देत नाहीत! शहरातल्या एवढ्या नावाजलेल्या सभागृहात गाऊ शकते, आणि कोपऱ्यावरच्या क्लबात नाही. जॅझ गाणारीचं पोट कोपऱ्यावरच्या क्लबांवरच चालतं. कार्नेगी हॉल वर्षातून कितीदा मिळणार?

थेलोनियस मंक हा थोर पियानोवादकही १९५१ ते १९५७ असाच कार्डावाचून बसला होता, म्हणजे हा जाच फक्त बायकांना नव्हता. पण मंकला त्याचं कार्ड परत मिळालं.

१९५९ च्या उन्हाळ्यात बिली हॉस्पिटलात होती, तिथे खाटेवरच तिला अटक झाली, दाराशी पोलीस बसवला. १७ जुलैला ती गेली. वय ४४. बँकेत ७० सेंट.

आता मला सांगा, याला 'नशिबाने दगा दिला' म्हणायचं का? नशिबाचा शिक्का नव्हता त्या कागदावर, पोलीस खात्याचा होता. आपणही असंच करतो. एखादी लावणीवाली हलाखीत गेली की 'कलावंताच्या नशिबी हेच' म्हणून मोकळे होतो. बिदागी कुणी बुडवली, पेन्शनचा अर्ज कुठल्या टेबलावर पडून राहिला, हे कुणी विचारत नाही. सोसणं सांगायचं आणि सोसायला लावणारा वगळायचा, ही मानवंदना मला अपुरी वाटते.

त्याच संध्याकाळी 'स्ट्रेंज फ्रूट'ही झालं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या दक्षिण भागात गोऱ्यांच्या जमावाने झाडाला लटकवून मारलेल्या काळ्या माणसांबद्दलचं ते गाणं आहे. लिहिणारा एबल मीरोपोल, ब्राँक्समधल्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर! ती कविता १९३७ मध्ये पहिल्यांदा छापून आली तीही शिक्षक संघटनेच्या मासिकात. (निवृत्त शिक्षिकेला हे वाचून काय वाटलं असेल!) बिलीच्या कोलंबिया कंपनीने ते ध्वनिमुद्रित करायला नकार दिला, मग १९३९ मध्ये कमोडोर नावाच्या लहान कंपनीने केलं. आधी ती ते कॅफे सोसायटी नावाच्या क्लबात गायची. तिथल्या मालकाने, बार्नी जोसेफसनने, नियम घालून दिला होता: हे गाणं सगळ्यांत शेवटी. गाणं सुरू होताना वाढप्यांनी जागच्या जागी थांबायचं. दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर झोत. गाणं संपलं की ती निघून जाणार, पुन्हा म्हणा, आणखी एक म्हणा, काही नाही.

आमच्या कार्यक्रमात ते तिसऱ्या नंबरला होतं. आमच्या टेबलाला त्याच वेळी कुणाचं तरी बिल आलं. गाणं संपल्यावर टाळ्या, आणि पियानोवाल्याने लगेच एक उडता ठेका धरला. माझ्या अंगावर काटा आला होता तो आला तसाच राहिला, आणि शेजारचे चुटक्या वाजवू लागले.

परतताना ट्रेनमध्ये मी हे सगळं लेकीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "अगं आई, लोक दिवसभर राबून येतात, चार घटका मजा करायला. त्यांना तू इतिहासाचा तास देणार का? आणि त्या पाच बायकांचंही पोट त्याच्यावरच आहे. लोक नाराज झाले तर उद्या त्यांना कोण बोलावणार?" तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. निवेदन म्हणजे व्याख्यान नव्हे हे मलाही कळतं, आपल्याकडे दोन गाण्यांमध्ये वीस वीस मिनिटं बोलणारे निवेदक मी ऐकलेले आहेत आणि जांभया आवरलेल्या आहेत. पण कार्डाची गोष्ट सांगायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून बघितलं, दीड मिनिट. फुलाबद्दल आणि फसवणाऱ्या पुरुषांबद्दल त्या बाई त्याहून जास्त बोलल्या होत्या. आणि 'स्ट्रेंज फ्रूट' शेवटी ठेवायला तर एक सेकंदही जास्त लागत नाही, नुसता क्रम बदलायचा.

एलाच्या बाबतीत याच्या उलट. तिच्याबद्दल सांगितलं ते सगळं हसरं. पहिली आली, रेकॉर्डं खपली, ग्रॅमी मिळाली. खरंच आहे. पण १९३४ च्या नोव्हेंबरात हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेला ती उभी राहिली तेव्हा सतरा वर्षांची होती, आई वारलेली, सुधारगृहातून पळालेली, राहायला घर नाही. नाचायचं ठरवून गेली होती, आधीच्या जोडीचा नाच बघून धीर खचला म्हणून गायली. आणि १९५४ मध्ये, चांगली नावाजलेली असताना, ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होनोलुलूला तिला पुढच्या विमानात चढू दिलं नाही, तिकीट पहिल्या वर्गाचं असून. तिने विमान कंपनीवर दावा लावला आणि भरपाई घेतली. ही हसरी बाई कोर्टात जाणारी होती, हे सांगितलं तर तिचं गाणं कमी गोड लागेल का? बिलीला नुसतं रडवेलं करून ठेवायचं आणि एलाला नुसतं हसरं, दोघींनाही त्यात लहान केल्यासारखं होतं.

पैशाचंही तेच. बेसी स्मिथला तिच्या काळात 'ब्लूजची सम्राज्ञी' म्हणायचे. १९२३ च्या तिच्या पहिल्याच रेकॉर्डने कंपनीला धो धो पैसा मिळवून दिला, पण तिला दर गाण्यामागे ठरलेली रक्कम, खपावर हक्क नाही. १९३७ मध्ये मोटार अपघातात गेली, आणि १९७० पर्यंत तिच्या थडग्यावर साधा नावाचा दगडही नव्हता. तो बसवला जॅनिस जॉप्लिन या गायिकेने आणि आणखी एका बाईंनी मिळून खर्च करून. नीना सिमोनने पहिल्या रेकॉर्डचे हक्क तीन हजार डॉलरना विकले होते. त्यातलं एक गाणं १९८७ मध्ये एका अत्तराच्या जाहिरातीमुळे इंग्लंडात तुफान चाललं, पण तोवर हक्क कधीच हातचे गेलेले.

नीनाला खरं तर जॅझ गायचंच नव्हतं, तिला शास्त्रीय पियानो वाजवायचा होता. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेने १९५१ मध्ये तिला प्रवेश नाकारला. तिच्या मते कातडीच्या रंगामुळे. पोटासाठी अटलांटिक सिटीच्या एका बारमध्ये पियानो वाजवायला लागली, तर मालक म्हणाला गावंही लागेल. आईला कळू नये म्हणून नाव बदललं. २००३ च्या एप्रिलमध्ये कर्टिसने तिला सन्माननीय पदवी दिली आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ती गेली.

आपल्याकडे गोव्याच्या लोर्ना आणि मुंबईच्या क्लबांतल्या त्या जॅझच्या दिवसांवर बेतलेला 'नाचोंया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट निघाला. वर्ष २०१४ चा कोंकणीसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यात गाणी भरपूर आहेत, एकामागून एक, पण गाणाऱ्या मुलीला कुणी आणि कसं बांधून ठेवलं तेही त्यात येतंच. तरी लोकांनी तो रांगा लावून बघितला. म्हणजे लोकांना चालत नाही, हे लेकीचं म्हणणं तितकंसं खरं नसावं. (ती हे वाचेल तेव्हा फोन येईलच.)

पुण्यातल्या दोघी-तिघींनी विचारलं आहे की सुरुवात कुठून करायची. एलाचं १९६० चं बर्लिनच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आधी ऐका. त्यात एका प्रसिद्ध गाण्याचे शब्द ती ऐन वेळी विसरते, आणि विसरलेय हेच सुरात सांगत स्वतःचे शब्द रचत पुढे जाते. त्यालाच ग्रॅमी मिळाली. हे सकाळी पोळ्या करताना ऐकायला छान आहे. बिली मात्र रात्री ऐका, सगळी कामं उरकल्यावर. आणि ते झाडाचं गाणं ऐकलंत तर त्यानंतर लगेच दुसरं लावू नका.