पंगतीचा पोशाख

२०२५ सालच्या सप्टेंबर महिन्यात तीन दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहराच्या स्थानकातून पहिली प्रवासी गाडी अहिल्यानगरकडे निघाली. परळीला रेल्वे जुनी आहे, पण जिल्ह्याच्या गावाला ती नव्हती. १९९५ च्या सुमारास मंजूर झालेला मार्ग तिथवर यायला तीस वर्षे लागली. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २० सप्टेंबरला, मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. दोन्ही बातम्या बीडमध्ये वाचल्या गेल्या. पहिलीने लोकांचे डोळे पाणावले आणि दुसरी बातमी त्यांनी परक्या मुलखाची म्हणून बाजूला ठेवली.

परंतु ती आता तितकी परकी राहिलेली नाही. बीड, अंबाजोगाई, माजलगाव इथली मुले-मुली पुण्यात, हैदराबादेत, काही अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-वडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली की पूर्वी मुले काशीयात्रेची सोय करून देत. आता काही जण क्रूझचे तिकीट पाठवतात. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून ही सेवा देत आहे. ते बांधले गेले १९९० साली आणि पूर्वी परदेशी कंपनीकडे होते, म्हणजे आपल्याकडे आले ते चांगले तीस वर्षे जग फिरून. याहून मोठ्या सफरी सिंगापूरहून किंवा युरोपातून करतात. तिकिटाबरोबर सूचनांचा एक कागद येतो. त्यात पारपत्र, औषधे वगैरे नेहमीच्या गोष्टी असतात आणि एक ओळ अशी असते की, अमुक रात्री औपचारिक भोजन आहे, त्याला साजेसा पोशाख सोबत ठेवावा. घरात खरी चर्चा सुरू होते ती या एका ओळीवरून.

ही औपचारिक रात्र म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. सात दिवसांच्या सफरीत साधारणपणे दोन रात्री अशा असतात. त्या रात्री मुख्य भोजनगृहात पुरुषांनी कोट-टाय किंवा काळा डिनर जॅकेट आणि स्त्रियांनी उंची पोशाख घालून यावे अशी अपेक्षा असते. कप्तान पाहुण्यांचे स्वागत करतो, जिन्यावर छायाचित्रकार उभे असतात आणि दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रे विकायला मांडलेली असतात. हा रिवाज बोटीच्या पहिल्या वर्गातून आला. विमाने नव्हती तेव्हा विलायतेला जाणारा साहेब आठवडेच्या आठवडे समुद्रावर असे आणि रात्रीच्या जेवणाला कपडे बदलून येणे हा त्याच्या सभ्यपणाचा भाग होता. आता तो काच बराच सैल झाला आहे. नॉर्वेजियन नावाच्या कंपनीने २००० सालीच हे बंधन काढून टाकले. क्युनार्डसारख्या जुन्या ब्रिटिश कंपनीने मात्र ते जपले आहे.

पण क्युनार्डचाही नियम नीट वाचला तर दोन गोष्टी लक्षात येतात. आपल्या देशाचा औपचारिक पोशाख तिथे चालतो. म्हणजे पैठणी नेसलेल्या बाईंना किंवा बंद गळ्याचा कोट घातलेल्या गृहस्थांना कोणी दारात अडवणार नाही. आणि ज्याला नटायचेच नाही त्याच्यासाठी जहाजावर दुसरे भोजनगृह उघडे असते. तिथे साध्या कपड्यांत जावे, आपल्या हाताने वाढून घ्यावे आणि पोटभर जेवावे. थोडक्यात, नियम आहे, तो आधी लेखी कळवलेला आहे आणि तो न पाळणाऱ्याच्या जेवणाची सोयही त्यातच केलेली आहे.

आपल्याकडे मात्र त्या एका ओळीने घर हवालदिल होते. वडिलांचा कोट लग्नातला, तो आता पोटावर बसत नाही. मग शिंपी, मग छत्रपती संभाजीनगरची खेप. एखादा साधा माणूस म्हणतो, ‘अहो, मी नेहरू शर्टवर जातो,’ तर मुलगीच फोनवरून सांगते, ‘बाबा, तसं बरं दिसत नाही.’ बँकेतल्या माणसाला हिशेबाची खोड असते. धरून चालू की चौघांच्या कुटुंबाने या दोन रात्रींसाठी चाळीस हजारांचे कपडे घेतले. दोन रात्रींचे मिळून चार तास जेवण. म्हणजे तासाला दहा हजार रुपये झाले आणि कपडे परत कपाटात. परंतु हौसेला असा हिशेब लावू नये, हेही मला मान्य आहे. ज्यांनी पस्तीस वर्षे संसार ओढला त्यांनी एक रात्र नटून समुद्रावर जेवावे, यात गैर काहीच नाही.

नटण्याचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओत पूर्वी एक कोट आणि एक तयार गाठीचा टाय खिळ्याला टांगलेला असे. नोकरीच्या अर्जासाठी, स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी गावातले पुष्कळ तरुण तोच कोट घालून बसत. त्याची एक बाही लांब आहे हे सगळ्यांना ठाऊक असे आणि कोणी त्यावरून कोणाला हसत नसे.

जेवणाला ठरावीक पोशाख ही कल्पनाही साहेबाने आणलेली नाही. सोवळे म्हणजे दुसरे काय होते? रेशमी मुकटा नेसल्याशिवाय, अंगातला सदरा काढल्याशिवाय पानावर बसायचे नाही, हा नियम आपल्याच घरांतला. तो नुसता स्वच्छतेचा नव्हता. कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे आणि कोणी अंगणात थांबायचे, हेही त्याच नियमाने ठरत असे. इकडे हैदराबाद संस्थानात निजामाच्या दरबारी जाताना शेरवानी, डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस लागे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. म्हणून इथल्या जुन्या घरांच्या पेट्यांत आजोबांची शेरवानी अजून सापडते.

महाराष्ट्राच्या इतिहासातली मेजवानीच्या पोशाखाची सर्वांत मोठी घटना पुण्यातली, २ मार्च १८८८ ची. ड्यूक ऑफ कॅनॉट या राजपुत्राच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली होती. भरजरी पोशाखांतल्या त्या पाहुण्यांत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात आले आणि बोलायला उभे राहिले. इथे जमलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत आहे, तिच्या शिक्षणाचे पाहा आणि हे महाराणीच्या कानावर घाला, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. फुल्यांना त्या मेजवानीत शोभेलसा पोशाख परवडत नव्हता असे नाही. ते स्वतः कंत्राटदारीचा व्यवसाय केलेले गृहस्थ होते. त्यांनी तो वेश निवडला.

त्याच वर्षी सप्टेंबरात अठरा वर्षांचा मोहनदास गांधी मुंबईहून बोटीने विलायतेला निघाला. काटेचमचे धरता येत नाहीत, विचारायची लाज वाटते, म्हणून तो केबिनमध्ये बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात राहिला. उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोशाख घातला, तर किनाऱ्यावर तसा पोशाख केलेला तो एकटाच निघाला. ही फजिती त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिली आहे. पुढे १९३१ साली हेच गांधी पंचा नेसून बकिंगहॅम राजवाड्यात चहाला गेले. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीसाठी त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली, साडी सोडली नाही.

या ओळीत आणखी एक नाव घेतल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण सांगणारे नेसणे आणि दागिने टाकून द्या. स्त्रियांनी तिथेच लुगडी पायघोळ नेसायला सुरुवात केली. स्वतः बाबासाहेबांनी कोट-टाय आयुष्यभर वापरला. ज्या माणसांना चांगले कपडे घालण्याचीच मनाई होती, त्यांच्यासाठी इस्त्रीचा सूट हा अधिकाराचा दाखला होता. म्हणून ‘सूट ही गुलामी आणि धोतर हे स्वातंत्र्य’ असा सोपा निकाल देता येत नाही. फुल्यांनी राजपुत्रासमोर शेतकऱ्याचा वेश केला आणि बाबासाहेबांनी सूट घातला, त्या दोन्हींत एक समान गोष्ट आहे. काय घालायचे ते त्यांचे त्यांनी ठरवले होते.

स्वातंत्र्यानंतरही साहेबाचे नियम आपल्या क्लबांनी जपले. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबमध्ये चित्रकार हुसेन यांना अनवाणी आहेत म्हणून प्रवेश नाकारला गेला. २०१४ साली चेन्नईतील एका क्लबने उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून परत पाठवले. त्यावर इतका गदारोळ झाला की तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून भारतीय पोशाखावरची अशी बंदी उठवली. याचा अर्थ असा की लेखी नियमाशी भांडता येते. तो कागदावर असतो, त्याविरुद्ध बोलता येते, विधानसभेत जाता येते.

आता जहाजावरून आपल्या मंगल कार्यालयात येऊ. कारण बीड जिल्ह्यातली औपचारिक रात्र समुद्रावर होत नाही. ती लग्नसराईत, बायपासवरच्या लॉन्सवर होते. हळदीला सगळ्यांनी पिवळे, संगीताला मुलीकडच्यांनी एक रंग आणि मुलाकडच्यांनी दुसरा, स्वागत समारंभाला कोट. पत्रिकेवर यातले काहीही छापलेले नसते. ते व्हॉट्सॲपवर ठरते आणि फोटोंत दिसते. घरच्या सुनांना ते परवडते किंवा परवडवावे लागते. पण प्रत्येक घरात खेड्यावरची एक आत्या असते. तिच्याकडे लग्नात नेसण्यासारखी एकच साडी असते आणि ती गेल्या दोन लग्नांच्या फोटोंत येऊन गेलेली असते. तिला कोणी येऊ नको म्हणत नाही. ती आपणहून सांगते, ‘गुडघे दुखतात बाई, अक्षतेपुरती येऊन जाईन.’ येते, मागच्या रांगेत बसते, अक्षता टाकते आणि पंगतीला न थांबता एस. टी. पकडते.

जहाजावर साध्या कपड्यांतल्या माणसासाठी दुसरे भोजनगृह उघडे असते. आपल्या लॉन्सवर आत्यासाठी तशी सोय नसते, कारण तिला आडवा आलेला नियम मुळात कोणी केलेलाच नसतो. नसलेल्या नियमाला अपवाद कुठून असणार आणि तक्रार तरी कोणाकडे करणार? परदेशी कंपनीच्या औपचारिक रात्रीला नाके मुरडताना ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही.

यात पैशाचा प्रश्नही आहेच. बँकेच्या काउंटरच्या अलीकडे बसून मी पुष्कळ लग्ने पाहिली. सोने तारण ठेवताना कारणाच्या रकान्यात शेती लिहिलेले असे आणि बोलण्यात लग्न येई. ऊसतोडीला जाणारी जोडपी दसरा-दिवाळीनंतर निघतात ती मुकादमाची उचल घेऊन, आणि त्या उचलीत लग्नाचा खर्चही असतो. त्या पैशातून शेरवानी भाड्याने आणली जाते, नातेवाइकांसाठी फेटे आणले जातात. एका संध्याकाळच्या रंगाचे पैसे पुढच्या हंगामात कोयत्याने फेडायचे असतात. त्या घराला नटण्याचा हक्क नाही असे म्हणणारा मी कोण? मात्र नटण्याचा हक्क वेगळा आणि नटलेच पाहिजे हा धाक वेगळा. कर्जाचा अर्ज भरताना या दोहोंतला फरक चांगला कळतो.

याच समारंभांत कोटातली आणखी काही माणसे असतात, त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जहाजावर वाढणाऱ्यांत गोव्याची आणि कोकणातली मुले पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची रात्र रोजच औपचारिक असते. लॉन्सवर पांढरा शर्ट आणि काळा बो लावून ताटे उचलणारी कॉलेजची पोरेही एका रात्रीच्या मजुरीवर आलेली असतात.

मग करावे काय? क्रूझचे तिकीट आले असेल तर जरूर जावे. कोट शिवायची हौस असेल तर शिवावा. नसेल तर पेटीतली शेरवानी काढावी, पैठणीची घडी मोडावी. पैठण काही लांब नाही, गोदावरीच्या वरच्या अंगाला आहे, आणि त्या वस्त्राइतका औपचारिक पोशाख जगातल्या कुठल्याही जहाजावर शोभेल. आणि घरी लग्न काढाल तेव्हा निरोपात रंगांच्या यादीखाली एक ओळ वाढवावी: ‘ज्याला जमेल त्याने; बाकीच्यांनी नेहमीच्या कपड्यांत, पण जेवायला थांबायचेच.’ ती ओळ यजमानाने स्वतः फोन करून आत्याला वाचून दाखवावी. तिच्या ओळखीची पंगत तशीच असते. गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी हजारो माणसे शेतात रांगा धरून बसतात. कोणाच्या अंगावर खादी असते, कोणाच्या अंगावर कामाचे कपडे, आणि वाढणारा फक्त समोरचे ताट रिकामे आहे की नाही एवढेच पाहून पुढे सरकतो.