डिलिव्हरी सिलिंडरची आणि सूनबाईची

एकच शब्द, आणि त्याच्या माथी कामे किती! गॅस सिलिंडरची डिलिव्हरी, टपालाची डिलिव्हरी, नटाची डायलॉग डिलिव्हरी, गोलंदाजाची डिलिव्हरी, आणि शेजारच्या सूनबाईचीही डिलिव्हरीच. मराठीत सामान घरपोच येते, टपालाचा बटवडा होतो, नट संवादफेक करतो, गोलंदाज चेंडू टाकतो आणि बाई बाळंत होते. पाच कामे, पाच शब्द.

पहिल्या चारांबद्दल मी भांडणार नाही. बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द पोर्तुगिजांकडून घेऊन मराठी बाटली नाही. भाषेत सोवळे-ओवळे चालत नाही, हे गोमंतकीयांना कोणी शिकवायला नको. माझे भांडण आहे ते पाचव्या डिलिव्हरीशी.

जरा वाक्य तपासून पाहा. ‘ती बाळंत झाली’ म्हटले की कर्ता ती. ‘डॉक्टरांनी डिलिव्हरी केली’ म्हटले की कर्ते डॉक्टर. नऊ महिने जिने ओझे वाहिले, कळा सोसल्या, ती वाक्यातूनच हद्दपार!

दुसरे असे की डिलिव्हरी तासा-दोन तासांत उरकते, बिल भरले की संपते. बाळंतपण त्यानंतर सुरू होते. तेल-मालीश, शेक, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती हे सारे त्या एका शब्दात बसलेले आहे. ‘डिलिव्हरी होऊन पंधरा दिवस झाले, आता काय झाले कामाला लागायला?’ असे सहज विचारता येते. बाळंतिणीला असे विचारायला जीभ अडखळते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली. कायद्याला जे कळले, ते आमच्या जिभेला का कळू नये?

कोणी म्हणेल, जुन्या काळाचे गोडवे पुरे. मान्य! अंधारी खोली आणि कोंडलेला धूर गेला, ते बरेच झाले. इस्पितळात जरूर जावे, तिथे जीव वाचतात. पण इस्पितळात जाताना शब्द उंबऱ्याबाहेर टाकायची अट कोणी घातली?

गंमत म्हणजे इंग्रजी ‘डिलिव्हर’चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ मुक्त करणे. आमच्या आज्याही ‘सुखरूप सुटली’, ‘मोकळी झाली’ असेच म्हणत. म्हणजे अर्थ आपल्या घरात होताच, आपण उचलले ते नुसते खोके! ज्यांनी इथे साडेचारशे वर्षे राज्य केले, त्या पोर्तुगिजांच्या भाषेतसुद्धा बाळंतपणाला ‘पार्तु’ आणि सामान पोचवण्याला ‘एंत्रेगा’ असे दोन वेगळे शब्द आहेत.

तेव्हा मंडळी, सिलिंडरची डिलिव्हरी खुशाल होऊ द्या. घरची लेक-सून मात्र बाळंतच होऊ द्या, आणि तिला बाळंतीण म्हणून सव्वा महिना तरी निवांत पडू द्या.