घोडा मिशिगनचा, जर्मन मेक्सिकोचा

मी मिशिगनमधल्या नोव्हाय गावात राहतो, डेट्रॉईटपासून अर्ध्या-पाऊण तासावर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वय 37. बायको म्हणते, या वयात पुरुषांना एकतर मॅरेथॉन धावायची असते, नाहीतर दोन दारांची गाडी घ्यायची असते. मला पळायचा कंटाळा आहे.

तर गेले चार महिने आमच्याकडे एकच विषय चालू होता. फोर्ड मस्टँग जीटी घ्यायची की बीएमडब्ल्यूची एम 240 आय? दोन्ही साधारण 50 हजार डॉलरच्या घरातल्या. एकीत पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं, 480 हॉर्सपॉवरचं इंजिन. दुसरीत तीन लिटर, सहा सिलिंडर, टर्बो आणि 382 हॉर्सपॉवर, पण चारही चाकांना ताकद. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर ‘ड्रीम क्रूझ’ असते. हजारो जुन्या गाड्या दिवसभर नुसत्या धडधडत फिरतात आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बघत बसतात. यंदा ती बघून आल्यावर माझं मन मस्टँगकडे झुकलं. पुढच्या शनिवारी बीएमडब्ल्यू चालवून बघितली, ते परत फिरलं. मस्टँग म्हणजे आपल्या जुन्या बुलेटसारखी, आधी आवाज ऐकू येतो आणि मग गाडी दिसते. बीएमडब्ल्यू वळणावर अशी चिकटून जाते की आपणच चांगले ड्रायव्हर आहोत असं वाटायला लागतं.

चिंचवडहून बाबांचा व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न: “दोन दारं? आम्ही आलो तर मागे कोण बसणार?”

हौसेचा हा मामला बातम्यांच्या पानावर कसा गेला, ते आता सांगतो.

3 एप्रिल 2025 पासून अमेरिकेने आयात गाड्यांवर 25 टक्के जादा कर लावला. आधीचा अडीच टक्के होताच. साहजिकच मी हिशोब केला की जर्मन गाडी महागणार, अमेरिकन वाचणार, प्रश्न मिटला. माझ्या टीममधला एक सीनियर हसला आणि म्हणाला, आधी चॅसी नंबर बघ. इथे त्याला ‘व्हिन’ म्हणतात. 17 अक्षरं-आकडे असतात आणि पहिल्यावरून गाडी कुठे जुळवली ते कळतं. 1, 4 किंवा 5 असेल तर अमेरिका, 2 म्हणजे कॅनडा, 3 म्हणजे मेक्सिको, डब्ल्यू म्हणजे जर्मनी.

मस्टँगचा नंबर 1 ने सुरू होतो. ती फ्लॅट रॉकला बनते, आमच्या घरापासून तासाभराच्या आत. डीलरकडे उभ्या असलेल्या बीएमडब्ल्यूचा पहिला आकडा होता 3. माझी ‘जर्मन’ कूपे मेक्सिकोतल्या सॅन लुईस पोटोसीमध्ये जन्मली होती! तिची मोठी बहीण, 4 सिरीज कूपे, मात्र बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंगमध्येच तयार होते.

आता टॅरिफची गंमत बघा. युरोपबरोबर करार झाला आणि तिथून येणाऱ्या गाड्यांवरचा कर 15 टक्क्यांवर आला, 1 ऑगस्टपासून लागू. मेक्सिकोतल्या गाडीला सवलत हवी असेल तर उत्तर अमेरिकेच्या व्यापारकराराच्या अटी पाळाव्या लागतात, म्हणजे ठराविक प्रमाणात भाग याच तीन देशांतले हवेत. बीएमडब्ल्यूच्या तिथल्या गाड्या त्यात बसत नाहीत. मार्चमध्येच कंपनीने जाहीर केलं होतं की या गाड्यांवरचा वाढीव कर काही आठवडे आम्ही सोसू. म्हणजे अटलांटिक ओलांडून आलेल्या जर्मन गाडीवर कर कमी आणि शेजारच्या देशातून आलेल्या जर्मन गाडीवर जास्त. कंपनी तो सगळा ग्राहकावर टाकत नाही हे खरं, पण कुणाच्या तरी खिशातून जातोच.

बरं, अमेरिकन गाडी तरी अमेरिकन आहे का? 1992 च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर एक लेबल लावावं लागतं. त्यावर सुटे भाग कुठले, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, जुळणी कुठे झाली, सगळं लिहिलेलं असतं. जरूर वाचा, फार करमणूक होते. मस्टँगचं ते गाजलेलं आठ सिलिंडरचं इंजिन कॅनडातल्या विंडसरला बनतं. विंडसर म्हणजे डेट्रॉईट नदीचा पलीकडचा काठ. (नकाशात बघा, तिथे कॅनडा अमेरिकेच्या दक्षिणेला आहे. इथे येऊन नऊ वर्षं झाली तरी माझ्या डोक्यात ते बसत नाही.) मजा म्हणजे या लेबलवर अमेरिका आणि कॅनडाचे भाग एकाच टक्केवारीत मोजतात. कायदा केला तेव्हा हे दोन देश कधी एकमेकांवर कर लावतील असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मसल कार म्हणवणाऱ्या बाकीच्यांची कथा याहून वरताण. डॉज चॅलेंजर 2023 अखेर बंद होईपर्यंत कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये बनत होती. नवी डॉज चार्जर विंडसरमध्ये जुळवतात. तिच्या पेट्रोल मॉडेलमध्ये आठ सिलिंडर गेले आणि एका ओळीतले सहा आले, जी बीएमडब्ल्यूची खासियत मानली जाते. ते इंजिन मेक्सिकोतल्या साल्टिलोचं आणि मालक स्टेलांटिस, जिचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये. खरीखुरी मिशिगनची होती ती शेवरले कॅमेरो, लान्सिंगमध्ये बनणारी. तीही डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली.

ती टॅरिफ नसल्यामुळे बंद पडली का? नाही. लोकांनी कूपे घेणं सोडलं आणि एसयूव्ही, पिकअप घेतल्या म्हणून. आणि इथे एक जुनी गोष्ट आठवते. 1960 च्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात धडाधड विकली जात होती. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने तिच्यावर कर लावला. उत्तर म्हणून डिसेंबर 1963 मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काही वस्तूंवर 25 टक्के कर लावला. त्यात होते हलके ट्रक, म्हणजे मुख्यतः फोक्सवॅगनची डबा गाडी. चारच महिन्यांनी, 17 एप्रिल 1964 ला, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पहिली मस्टँग लोकांसमोर आली, किंमत 2,368 डॉलर. कोंबडीचं भांडण केव्हाच संपलं. ट्रकवरचा कर आजही आहे, त्याला इथे ‘चिकन टॅक्स’च म्हणतात.

साठ वर्षं त्या भिंतीआड पिकअप वाढली. जिथे स्पर्धा नाही तिथे नफा, आणि जिथे नफा तिथे कंपनीचं लक्ष. डेट्रॉईटच्या इंजिनिअरांनी मोटारींमध्ये जपान-जर्मनीशी झुंजायचं हळूहळू सोडून दिलं, असं माझं मत आहे. 2018 मध्ये फोर्डने अमेरिकेत सेडान विकणं बंद करायचं ठरवलं. आज त्यांच्या यादीत पिकअप, व्हॅन आणि एसयूव्ही सोडल्या तर मस्टँग तेवढी उरलीय. जो कर मस्टँगपेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे, त्याने तिला भावंडं काही दिली नाहीत. नवा कर देईल याची चिन्हं मला तरी दिसत नाहीत. उलट, अमेरिकेत सर्वाधिक गाड्या जुळवतो असं सांगणाऱ्या फोर्डनेच जुलै 2025 मध्ये जाहीर केलं की त्या वर्षी टॅरिफपायी सुमारे दोन अब्ज डॉलरचा फटका बसेल. कारण सुटे भाग, पोलाद, ॲल्युमिनियम, सगळ्यावर कर आहे.

सुट्या भागांची झळ भोसरीपर्यंत गेलीय. माझ्या आतेभावाचं तिथे छोटं वर्कशॉप आहे, सहा मशिन्स. तो ज्या कंपनीसाठी जॉबवर्क करतो तिचा माल अमेरिकेत येतो. गाड्यांच्या यादीत बसणाऱ्या भागावर तेव्हा 25 टक्के कर होता, यादीबाहेरच्यावर ऑगस्ट 2025 अखेरपासून 50 झाला होता. एकाच लेथवर सकाळी कापलेला तुकडा 25 चा आणि दुपारचा 50 चा! गणपतीत त्याच्याशी बोललो तेव्हा त्याने तीन दिवसांचा आठवडा केला होता. मी त्याला मस्टँगचे फोटो पाठवणार होतो, ते राहू दिले.

आणि मग शुक्रवार, 19 सप्टेंबर. दसऱ्याला, 2 ऑक्टोबरला, गाडी घरी आणायचं पक्कं होत आलं होतं. संध्याकाळी बातमी आली की एच-1बी साठी एक लाख डॉलर फी, रविवारपासून लागू. त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललं ते सांगण्यासारखं नाही. एक मित्र पुण्याला आईच्या श्राद्धासाठी गेला होता, तो तिकीट शोधत होता. शनिवारी खुलासा झाला की फी फक्त नव्या अर्जांसाठी, आधीपासून व्हिसावर असलेल्यांना नाही. हायसं वाटलं. पण सोमवारी डीलरचा फोन आला, “कागद तयार आहेत”, तेव्हा माझ्याने हो म्हणवेना. दसरा तसाच गेला. होंडालाच झेंडूचा हार घातला. (तिचा नंबर 5 ने सुरू होतो. जपानी होंडा, पण माहेर ओहायो.)

ग्रीन कार्डच्या रांगेत माझी तारीख 2018 ची आहे. ऑक्टोबर 2025 च्या व्हिसा बुलेटिनमध्ये आमची रांग एप्रिल 2013 वर उभी होती. नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला 60 दिवस. आणि डीलर हसत हसत सहा वर्षांचं कर्ज पुढे करतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या गोष्टींची तुलना करत होतो. कोण किती सेकंदांत साठचा वेग गाठते हे मला पाठ होतं. साठ दिवसांत कोणती विकली जाईल, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

मग पुन्हा कागद घेतला. पेट्रोलमध्ये बीएमडब्ल्यू सरळ जिंकते, गॅलनला 26 मैलांच्या आसपास, मस्टँग 18 देते. बर्फातही तीच बरी. वॉरंटी चार वर्षांची, फोर्डची तीन. पण वॉरंटी संपल्यावर काय? मस्टँग मिशिगनमधला कुठलाही गल्लीतला मेकॅनिक उघडतो आणि तिला इथे गिऱ्हाईक कायम असतं. बीएमडब्ल्यू पहिल्या तीन-चार वर्षांत किमतीला जास्त उतरते. जुलैच्या नव्या कायद्यात अमेरिकेत जुळवलेल्या नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज, वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत, उत्पन्नातून वजा करता येतं. मस्टँग त्यात बसते, मेक्सिकोची बीएमडब्ल्यू बसत नाही. मात्र नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न दोन लाखांवर गेलं की ही सवलत आटत जाते, आणि लीजवर ती मुळीच नाही. विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून सांगतोय.

शेजारी एक आजोबा राहतात, 34 वर्षं असेंब्ली लाईनवर काढलेली. त्यांनी एकदा कुंपणावरून विचारलं, “जर्मन घेतोयस म्हणे?” हसून विचारलं, पण विचारलं. बायकोने त्या रात्री व्हिन्सेंट चिनची गोष्ट काढली. जून 1982, हायलँड पार्क, इथून अर्ध्या तासावर. जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या जात होत्या तेव्हा बारमध्ये झालेल्या भांडणातून क्रायस्लरचा एक सुपरवायझर आणि त्याचा बेकार झालेला सावत्र मुलगा यांनी या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारलं. चार दिवसांनी तो गेला. तो वंशाने चिनी होता, जपानी नव्हता, आणि काम करत होता गाड्यांच्याच धंद्यात, ड्राफ्ट्समन म्हणून. शिक्षा झाली प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंड. “तुझी गाडी कुठली हे बघायला कुणी काचेवरचं लेबल वाचणार नाही,” बायको म्हणाली, “आणि तू कुठला हे बघायलाही.” आजोबा भले आहेत, आमच्या दारातला बर्फही काढतात. तरी ती म्हणाली ते मला खोडता आलं नाही. भीतीपोटी अमेरिकन घ्यायची हे मात्र मला पटत नव्हतं, अजूनही पटत नाही.

शेवटी मस्टँग घेतली, व्याजाच्या नि विक्रीच्या हिशोबाने. निम्मे पैसे रोख भरले, म्हणजे उद्या विकावी लागली तरी कर्ज गाडीच्या किमतीपेक्षा कमीच राहील. कर्ज तीन वर्षांचं. जे व्हिसावर आहेत त्यांनी गाडी कुठलीही घ्या, पण एवढं जरूर करा. बर्फाचे टायर वेगळे घेतले, ते बाराशे डॉलर कुणी हिशोबात धरत नाही.

पाडव्याला, 22 ऑक्टोबरला, घरी आणली. बायकोने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आजोबा काठी टेकत आले. इथे ‘लेमन’ म्हणजे सदोष गाडी, त्यासाठी कायदासुद्धा आहे. त्यांनी चाकाखाली वाकून बघितलं आणि विचारलं, “पहिल्याच दिवशी?” समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, थांब, मला ऐकू दे. मी इंजिन चालू केलं, लिंबू चिरडलं. त्यांनी थोडा वेळ डोळे मिटून आवाज ऐकला आणि मग सांगितलं, यातलं इंजिन विंडसरचं, माझा भाऊ होता तिथे.

तिकडे फोन चालूच होता. चिंचवडला पहाट झाली होती आणि बाबा म्हणत होते, कॅमेरा जरा मागच्या सीटवर धर.