पाहुणा की घरजावई?

विषाणू म्हटला की शत्रूच, ही समजूत आता सोडायला हवी. आपल्यापैकी कित्येकांच्या दंडात पुण्यात तयार झालेला एक विषाणू टोचून झालाय! कोव्हिशिल्डमध्ये चिंपांझीचा ॲडेनोव्हायरस होता, स्वतःची वाढ करू न शकणारा. त्यानं पेशींना करोनाच्या काटेरी प्रथिनाची कृती पोचवली; आपल्या डीएनएत स्वतःला जोडून घेतलं नाही.

जनुकोपचारातही असे विषाणू वापरतात. त्यांना ‘असमाकलित विषाणुवाहक’ म्हटलं तर कोण वाचणार? मी म्हणेन ‘पाहुणा विषाणू’. निरोप देतो, पण सातबाऱ्यावर नाव चढवत नाही. दुसरा प्रकार घरजावयाचा. तो डीएनएतच मुक्काम ठोकतो आणि कुठे ठोकेल याचा नेम नाही. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या मुलांवर अशा विषाणूनं उपचार झाले. मुलं सुधारली, पण २००२ पासून त्यातल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाल्याचं दिसू लागलं.

मग पाहुणाच बरा? नेहमीच नाही. पेशी विभागत गेल्या की पाहुण्याचा निरोप विरत जातो. मज्जारज्जूतल्या चेतापेशी विभागत नाहीत, म्हणून एसएमए या आजारात तो चालतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी लोकवर्गणीतून आणलेलं सुमारे १६ कोटींचं झोलजेन्स्मा याच जातीचं. सिकलसेलचा बिघाड मात्र रक्त घडवणाऱ्या, सतत विभागणाऱ्या पेशींतला. तिथे कायमचाच बदल लागतो.

आणि सिकलसेल तर विदर्भातल्या आणि लगतच्या सातपुड्यातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. त्याच मुलखात, सौंसरजवळ जामसांवलीला, निजलेल्या हनुमानाच्या दारी आजारी माणसांना घेऊन कितीतरी मराठी घरं येतात. त्यांना हसणं सोपं आहे. पण उद्या त्यातल्याच एखाद्या आईपुढे जनुकोपचाराचं संमतिपत्र आलं, तर तिचा प्रश्न साधाच असेल : “डॉक्टर, हा विषाणू लेकराच्या अंगात राहणार का जाणार? उलटला तर?”

याचं उत्तर तिला तिच्या मराठीत मिळालं नाही, तर तिची सही म्हणजे संमती नव्हे, नुसता विश्वास. विश्वास ती देवळातही ठेवतेच. विज्ञानानं तिला समजही द्यायला हवी.

हे काम एकट्या डॉक्टरांचं नाही; शब्दांवर प्रेम करणाऱ्या आपलंही आहे. येत्या २७ फेब्रुवारीला कवितावाचन होईलच. त्यासोबत जीवशास्त्राच्या मित्रमैत्रिणींना बोलावून असं एक संमतिपत्र साध्या मराठीत लिहूया का?