टप पोचला म्हणून लगेच रंग नको

विदर्भात गारा पडल्या की बातमी होते ती गहू, हरभरा आणि संत्र्याची. तसंच व्हायला हवं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि २०१८ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्याचं जे गेलं, त्यापुढे गाडीच्या पत्र्याचं दुःख किरकोळ आहे. पण पारशिवनीहून कोलितमाऱ्याकडे, पेंचच्या जंगलात पर्यटक नेणाऱ्या टॅक्सीवाल्याची गाडी हेच त्याचं शेत असतं. टपावर पंचवीस-तीस पोचे पडले की तो गाडी घेऊन डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये जातो. तिथे रंग घासला जातो, पुट्टी भरली जाते, वरून नवा रंग बसतो.

पत्रा फाटला असेल, रंग तडकला असेल, तर दुसरा इलाज नाही. एरवी मात्र ही घाई महागात पडते.

कारखान्यात रंग लागतो तेव्हा गाडीचा नुसता सांगाडा असतो, म्हणून तो साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजता येतो. तयार गाडीत वायरिंग आणि प्लॅस्टिक असल्यामुळे गॅरेजमधला रंग साठेक अंशांवरच वाळवावा लागतो. आणि टप हा गाडीचा सर्वाधिक ऊन खाणारा भाग. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात पत्रा आणि त्यावरची पुट्टी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. काम घाईचं असेल तर कडेने रेघ दिसू लागते, मग फुगवटा येतो. मूळ रंग शाबूत असताना तो खरवडून काढणं म्हणजे या उन्हासमोरचं सर्वांत चांगलं कवच स्वतःच्या हाताने फेकून देणं.

रंग न लावता पोचा काढणारे कारागीर नागपुरात आहेत. टपाचं काम सर्वांत किचकट. छताचं आतलं अस्तर उतरवायचं, आडव्या पट्ट्या आणि पत्रा यांच्या फटीतून लांब सळई सरकवायची. बाहेर पट्टेदार दिव्याचं प्रतिबिंब पत्र्यावर पडलेलं असतं. जिथे रेघ वाकते तिथे खड्डा. कारागीर खड्ड्याच्या मध्यावर जोर देत नाही. कडेपासून बारीक बारीक दाब देत आत सरकतो आणि कुठे पत्रा वर आलाच तर प्लॅस्टिकच्या टोकाने हलकेच बसवतो. सळई पोहोचत नाही तिथे गरम गोंदाने टॅब चिकटवून बाहेरून ओढतात.

इथे थंडी आडवी येते. गारांचा पाऊस सरला की आपल्याकडे पहाट बोचरी होते. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. थंडीने पोलाद कडक होतं असा समज आहे, पण आठ अंश आणि तीस अंश यांत पत्र्याला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो रंगाला. गारठलेला रंग लवचीकपणा गमावतो आणि दाबाखाली केसासारख्या भेगा पडतात. गोंदही गार पत्र्यावर पकड घेण्याआधीच थिजतो आणि टॅब निसटतो. म्हणून सकाळी आठला गाडी टेकवून ‘दुपारपर्यंत द्या’ म्हणणारा मालक स्वतःचंच नुकसान करतो. पारशिवनीत हिवाळ्यातही दुपारचं ऊन चांगलं असतं. टप तासभर उन्हात ठेवावा, हाताला कोमट लागला की शेडमध्ये दिव्याखाली घ्यावा. ढग असतील तर हीट गन, तीही एका जागी न थांबवता. घरी उकळतं पाणी नि बर्फ आलटून पालटून ओतण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नयेत.

विम्याचंही पाहावं. गारपिटीचं नुकसान सर्वंकष पॉलिसीत येतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. दावा केला की २० ते ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस जातो, शिवाय रंगकामाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणून सर्वेअर येण्याआधी रंगाविना दुरुस्तीचा खर्च लेखी मागून दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

पण कारागीरच तालुक्यात नसेल तर आकडे मागायचे कुणाकडे? आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअरचा ट्रेड आहे. त्याच्या प्रात्यक्षिकात जुन्या गाडीचा एक टप, एक पट्टेदार दिवा आणि सळयांचा एक संच आणायला फार मोठा निधी लागत नाही. गारपीट हिवाळ्याच्या शेवटी येते, प्रवेश पावसाळ्यात होतात. मधल्या महिन्यांत मुलांचा हात बसवायला वेळ आहे. रामटेक-पारशिवनीच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी पुढच्या सत्राआधी कौशल्य विकास विभागाकडे न्यावी.