धातूंचे गुणधर्म : यादी नको, कारण हवं



'धातूंचे गुणधर्म लिहा' असा प्रश्न आला की मुलं धडाधड लिहितात : चकाकी, वर्धनीयता, तन्यता, उष्णतावाहकता, विद्युतवाहकता, नादमयता. गुणही पैकीच्या पैकी मिळतात. पण त्याच मुलाला विचारा, "तांब्याची तार ठोकली तर चपटी होते, मग खडेमिठाचा चुरा का होतो?" मूल गप्प! माझं स्पष्ट मत आहे, यादी पाठ झाली म्हणजे धडा झाला असं आपण मानतो, तिथेच विज्ञान संपतं.

खरं तर यातल्या बऱ्याच गुणधर्मांचं मूळ एकच आहे. एकत्र कुटुंबात सगळे आपली कमाई समाईक डब्यात टाकतात ना, तसे धातूतले अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन समाईक करतात. मागे धन आयन ओळीने रचलेले उरतात आणि त्यांच्यामधून हे मुक्त इलेक्ट्रॉन फिरत राहतात. दोघांमधलं आकर्षण म्हणजेच धातुबंध.

आता जोडून बघा. इलेक्ट्रॉन मोकळे आहेत म्हणून वीज वाहते, उष्णताही झटकन पुढे जाते. घाव बसला की आयनांचे थर सरकतात, पण समाईक इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात, म्हणून पत्रा होतो, तार निघते. मिठात थर सरकला की सारखे प्रभार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो.

पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर याच गुणावर भांडी घडवतात. ठोके बसत गेले की तांबं कडक होतं, मग ते तापवून पुन्हा मऊ करावं लागतं.

कुणी म्हणेल, "प्राथमिकच्या मुलांना इलेक्ट्रॉन कसे कळणार?" अगदी बरोबर, तो शब्द वरच्या वर्गासाठी ठेवा. पण अनुभव आत्ताच द्या. खडेमीठ कापडात गुंडाळून आपल्यासमोर ठोकू द्या, शेजारी तांब्याची तार ठोकू द्या. थंडीत बाकाचा लोखंडी पाय आणि लाकडी फळी यांना हात लावू द्या. दोन्हींचं तापमान सारखंच, तरी लोखंड गार लागतं, कारण ते हाताची उष्णता भराभर ओढून घेतं.

अपवादही लपवू नका. पारा धातू असून द्रव आहे. पेन्सिलीतलं 'शिसं' म्हणजे मुळात ग्रॅफाइट, ते अधातू असून वीज वाहून नेतं. अशा अपवादांमुळे मुलं गोंधळत नाहीत, उलट प्रश्न विचारायला लागतात.

पालकांनो, घरी अभ्यास घेताना "गुणधर्म किती?" एवढंच विचारू नका, "असं का?" हेही विचारा. आणि आपण शिक्षकांनी पुढच्या चाचणीत निदान एक तरी 'का?' घालूया. उत्तर मोडक्यातोडक्या शब्दांत आलं तरी चालेल, ते मुलाचं स्वतःचं असेल.